पाच किलोंचा हिशोब आणि चिंचोळीचा वारा

गेली काही वर्षे आमच्या आयटीवाल्यांच्या जेवणाच्या टेबलावर एक नवा विषय आलाय. आधी मोबाइल असायचे, मग गाड्या, मग फ्लॅट. आता सायकली! आणि सायकलींवर बोलणं सुरू झालं की पाचव्या मिनिटाला कोणीतरी विचारतंच, "वजन किती रे?" परवा एका मित्राने साडेतेरा किलोची माउंटन बाइक सोडून साडेअकरा किलोची घ्यायचं ठरवलं. फरक दोन किलोंचा आणि सुमारे चाळीस हजारांचा. म्हणजे किलोमागे वीस हजार. केशराचा भाव सोडला तर बाजारात असा भाव क्वचितच ऐकू येतो :-)

पण त्या दोन किलोंनी नक्की काय मिळतं? साधं गणित मांडून उत्तर देता येईल, आणि ते पुढे मांडतोच. पण नुसत्या गणितापेक्षा या प्रश्नाचा इतिहास जास्त मजेशीर आहे. सायकल हलकी करण्याची धडपड जवळजवळ सायकलीइतकीच जुनी आहे, आणि त्या धडपडीला वेळोवेळी भलत्याच गोष्टींनी मात दिलीय.

गणितासाठी आधी जागा ठरवू. मी निवडलीय चिंचोळी एमआयडीसी. सोलापूर सोडून पुण्याच्या दिशेने निघालं की पंधराएक किलोमीटरवर मोहोळ तालुक्याच्या हद्दीत ही वसाहत लागते. कॅमशाफ्ट ओतणारे कारखाने, रसायनांचे आणि औषधांच्या कच्च्या मालाचे कारखाने, आणखी बरंच काही. सोलापूरच्या जुन्या कापड गिरण्या शहराच्या पोटात होत्या, भोंगा झाला की कामगार चालत पोचत. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्या मोठ्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि काम शहराबाहेर सरकलं, अक्कलकोट रोडला, चिंचोळीला. घर तिथेच राहिलं, काम मात्र दूर गेलं. त्यामुळे "सायकल किती जड असावी" हा प्रश्न माझ्या मित्रापेक्षा पहिल्या पाळीला निघणार्‍या माणसाला खरं तर जास्त लागू आहे. आणि हा रस्ता गणिताला सोयीचा आहे, कारण तो जवळजवळ सपाट आहे. घाट नाही, दरी नाही. आहे तो फक्त वारा.

असो. आता इतिहासाकडे वळू.

१८१७ साली जर्मनीतल्या मानहाइम गावात कार्ल फॉन ड्राइस नावाच्या गृहस्थांनी दोन चाकांचं लाकडी यंत्र रस्त्यावर आणलं. पायडल नव्हतंच, जमिनीला पाय लावून ढकलत जायचं. वजन वीस-बावीस किलोंच्या घरात. म्हणजे आपल्याकडच्या मडगार्ड, कॅरियर, स्टँडवाल्या काळ्या सायकलीएवढंच! दोनशे वर्षांत आपण किती हलके झालो, याचं उत्तर "कोणती सायकल" यावर अवलंबून आहे, ते असं.

पुढे पायडल आलं, मग १८७०च्या दशकात ती पुढचं चाक प्रचंड मोठं असलेली उंच सायकल आली. चाक मोठं का, तर चेनच नव्हती. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, त्यामुळे वेग हवा तर चाक मोठं करा. रेसच्या उंच सायकली त्या काळातही चांगल्या हलक्या बनवत. १८८५ साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली यांची 'रोव्हर सेफ्टी' आली. दोन साधारण सारखी चाकं, मागच्या चाकाला चेन. आज आपण जिला सायकल म्हणतो ती हीच. सुरुवातीच्या या सेफ्टी सायकली रेसच्या उंच सायकलींपेक्षा जड असत. तरी काही वर्षांतच उंच सायकल संपली, कारण तिच्यावरून तोंडावर आपटायला होई आणि हिच्यावरून होत नसे. वजनाचा पहिला पराभव इथे नोंदवून ठेवा.

दुसरा पराभव लगेचच झाला. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने हवेचा टायर काढला. तोवर चाकांवर भरीव रबराची पट्टी असे. हवेचे टायर जाडजूड, बेढब दिसत आणि लोक त्यांना हसत. मे १८८९ मध्ये बेलफास्टच्या शर्यतींत विल्यम ह्यूम हे टायर लावून उतरला आणि शर्यती जिंकून गेला. हसणं बंद झालं. भरीव टायर प्रत्येक खड्ड्यावर सायकल आणि माणूस दोघांनाही वर उचलतो, आणि त्यात गेलेली शक्ती परत मिळत नाही. हवेचा टायर मात्र खडा स्वतःच गिळतो.

याचा अर्थ वजनाकडे कोणी बघतच नव्हतं असा नाही. १८९७ साली बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने एक फार हुशार कल्पना पेटंट केली. फ्रेमच्या नळीवर सगळ्यात जास्त ताण येतो तो जोडांपाशी, मधल्या भागावर कमी. मग नळी दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये पातळ का करू नये? बाहेरून एकसारखी, आतून मात्र मधली भिंत पातळ. इंजिनिअरिंगच्या तिसर्‍या सेमिस्टरला आपण ताणाचे आलेख काढून मार्क मिळवतो, ते या लोकांनी पोलादात उतरवलं होतं. १९३५ साली त्यांची '५३१' नळी आली, आणि पुढची कित्येक दशकं चांगल्या रेसिंग सायकलींवर तिचं स्टिकर अभिमानाने मिरवलं गेलं.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता (१९८०च्या सुमारास तो सरकारने ताब्यात घेऊन नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशनमध्ये आणला). मद्रासला टीआय सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, १९५१पासून सोनीपतला अॅटलस, १९५६पासून लुधियानाला हीरो. यांच्या बहुतेक सायकली एकाच इंग्रजी नमुन्यावर बेतलेल्या होत्या: अठ्ठावीस इंची चाकं, दांडी, सळयांचे ब्रेक, स्प्रिंगची सीट, चेनकव्हर, कॅरियर, दोन पायांचा स्टँड. एकूण वजन वीस किलोंच्या आसपास, कधी जास्तच.

'आपल्याकडे तंत्रज्ञान नव्हतं म्हणून जड सायकली' असं आपण सहज म्हणून जातो. मला ते पटत नाही. या सायकलीवर काय काय लादलं जाई ते बघा. दुधाच्या किटल्या, गॅसच्या टाक्या, गिरणीत दळायला न्यायचं पोतं, पुढे दांडीवर पोरगं, मागे बायको आणि तिच्या मांडीवर दुसरं पोरगं. मुंबईचे डबेवाले आजही सायकलीला डबे लटकवून नेतात. १९५४ साली दिएन बिएन फूच्या लढाईत व्हिएतनामी लोकांनी फ्रेंच फौजेविरुद्ध रसद पोचवली ती बर्‍याच अंशी सायकलींवरून. फ्रेमला बांबू बांधून एकेका सायकलीवर दोनशे किलोंपर्यंत माल लादून त्या ढकलत नेल्या. तिथे कोणी "फ्रेम अकरा किलोची असती तर?" असं विचारलं नसेल. ओझं वाहणार्‍या सायकलीचं वजन हा दोष नसतो. ती तिची हमी असते. शिवाय ती मोडली तर कोपर्‍यावरचा मेकॅनिक हातोडी आणि पान्यावर तिला परत उभी करतो. कार्बनच्या फ्रेमला तडा गेला तर आपण काय करतो? फोटो काढून ग्रुपवर टाकतो.

आणि माउंटन बाइक? तिची जन्मकथा तर या विषयावरचा सगळ्यात भारी विनोद आहे. कॅलिफोर्नियात मॅरिन काउंटी नावाचा डोंगराळ भाग आहे. १९७०च्या दशकात तिथली काही पोरं भंगारातून १९३०-४०च्या काळातल्या श्विन कंपनीच्या जाड टायरवाल्या जुनाट सायकली उचलून डोंगरावरून खाली सोडायला लागली. या सायकलींचं वजन वीस किलोंच्या पुढे. वर न्यायच्या कशा? ट्रकमध्ये घालून, नाहीतर ढकलत. २१ ऑक्टोबर १९७६ला त्यांची पहिली 'रिपॅक' शर्यत झाली. साधारण साडेतीन किलोमीटरमध्ये चारशे मीटर उतार! मागच्या चाकाच्या हबमध्येच ब्रेक असे, तो इतका तापे की आतलं ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर नवं ग्रीस भरावं लागे. त्यावरून ते नाव.

म्हणजे माउंटन बाइक जन्मली तीच आपल्या दूधवाल्याच्या सायकलीच्या वजनाची. त्या पोरांना हलकी सायकल नको होती, न मोडणारी हवी होती. हलकेपणाचा प्रश्न आला तो वर चढायची वेळ आली तेव्हा. मग त्यांनी गिअर बसवले. १९७७च्या सुमारास जो ब्रीझ याने खास या कामासाठी नवी फ्रेम बनवली, त्या सायकलीचं वजन सतरा किलोंच्या आसपास होतं. टॉम रिची, गॅरी फिशर वगैरे मंडळी पुढे सरसावली, १९८१ला स्पेशलाइज्ड कंपनीची 'स्टंपजंपर' बाजारात आली आणि हा प्रकार कारखान्यात तयार होऊ लागला. १९९६ला तो ऑलिंपिकमध्ये गेला. या वीस वर्षांत वजन झपाट्याने उतरलं. पोलाद, मग अॅल्युमिनियम, मग कार्बन.

इथे एक छोटा तांत्रिक मुद्दा. अॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, पण ताठपणाही एक तृतीयांशच. मग फायदा काय? फायदा नळीच्या व्यासात आहे. भिंतीची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला तर ताठपणा साधारण आठपट होतो, वजन मात्र दुप्पटच. म्हणून अॅल्युमिनियमच्या सायकलींच्या नळ्या जाड दिसतात. आपल्याकडे मात्र बरेच वर्षं "एमटीबी" म्हणून जे विकलं गेलं ते म्हणजे जाड दिसणार्‍या पोलादी नळ्या, पुढेमागे दोन शॉकअप आणि भडक स्टिकर. वजन दूधवाल्याच्या सायकलीला लाजवेल असं, आणि कॅरियर मात्र नाही!

चला, आता गणित. समजा ६५ किलोचा माणूस, २० किलोची सायकल, ताठ बसून चालवतोय आणि पायातून सतत १०० वॅट देतोय (रोज सायकल चालवणार्‍याला हे आरामात जमतं). सोलापूर ते चिंचोळी १५ किलोमीटर, रस्ता सपाट, वारा नाही. टायरचं घर्षण आणि हवेचा अडथळा यांच्या नेहमीच्या ढोबळ किमती घेऊन गणित केलं, तर वेग येतो ताशी साडेवीस किलोमीटर आणि वेळ सुमारे ४४ मिनिटं.

आता एकेक गोष्ट बदलू.

सायकल पाच किलोंनी हलकी केली: २५ ते ३० सेकंद वाचतात. हो, सेकंद.

टायरमध्ये हवा कमी, त्यामुळे घर्षण दीडपट: चार मिनिटं जास्त.

समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा: जवळजवळ १४ मिनिटं जास्त.

पावसाळ्याच्या महिन्यांत आपल्या पठारावर पश्चिमेकडून जो वारा सुटतो तो सोलापूरकरांना सांगायला नको. चिंचोळी शहराच्या वायव्येला. म्हणजे सकाळी कामाला जाताना वारा तोंडावर. अशा वेळी हँडलवर थोडं वाकलात तर पाच किलो काय, कितीतरी जास्त "वजन" कमी होतं, आणि तेही फुकट! सोलापुरातल्या एका पंक्चरवाल्या चाचांना मी हे सगळं आकडेवारीसकट ऐकवलं. ते म्हणाले, "एवढं कशाला ओ गणित, हवा भरून घ्या की आधी." पीएचडीचा सारांश दोन रुपयांत.

मग वजनाला अर्थच नाही का? आहे. चढ आला की आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यत आपल्याकडची मानाची शर्यत, आणि तिच्यात बोरघाट पहिला चढून जाणार्‍याला 'घाटाचा राजा' म्हणतात. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत ढोबळमानाने ५०० मीटर उंची चढायची. ७० किलोचा शर्यतपटू, १० किलोची सायकल, २५० वॅट: नुसतं गुरुत्वाकर्षणाशी भांडायला २६ मिनिटं. त्यात पाच किलो वाढवले तर दीड मिनिटाहून जास्त वेळ जातो. शर्यतीत दीड मिनिट म्हणजे राजा आणि रंक यांच्यातलं अंतर. पण शर्यतीत नसाल तर दीड मिनिट म्हणजे खंडाळ्यात वडापाव दीड मिनिट उशिरा, इतकंच.

शर्यतवाल्यांनाही हे उमगायला वेळ लागला. २५ ऑक्टोबर १९७२ला मेक्सिको सिटीत एडी मर्क्स या बेल्जियन महारथीने एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला. त्याची सायकल सहा किलोंहूनही हलकी होती. भोकं पाडून पाडून वजन उतरवलं होतं. पुढची अकरा वर्षं विक्रम टिकला. जानेवारी १९८४मध्ये त्याच शहरात इटलीच्या फ्रान्चेस्को मोझरने ५१.१५१ किलोमीटर केले. त्याच्या सायकलीला स्पोकऐवजी भरीव तबकडीसारखी चाकं होती. हलकेपणाच्या दृष्टीने बघाल तर हा सरळसरळ तोट्याचा सौदा, पण हवा कापायला उत्तम. सपाट ट्रॅकवर शत्रू हवा आहे, वजन नाही, हे चिंचोळीचं गणित तिथे जगाला दिसलं. पुढे २०००पासून आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतींसाठी किमान ६.८ किलोंची मर्यादा लागू केली. तेव्हापासून जगातला सर्वोत्तम शर्यतपटूसुद्धा त्याहून हलकी सायकल घेऊन उतरू शकत नाही.

माउंटन बाइकचं तर आणखी गमतीदार झालं. गेल्या काही वर्षांत चाकं सव्वीस इंचांवरून एकोणतीसवर गेली, टायर रुंद झाले, डिस्क ब्रेक आले, बसल्या बसल्या खालीवर होणारी सीट आली. या प्रत्येक गोष्टीने वजन वाढवलं आणि तरीही डोंगरात वेळ सुधारली. कारण खडकाळ वाटेवर पकड सुटली किंवा ब्रेक आधी दाबावा लागला की जे नुकसान होतं, ते किलो-दोन किलोंपेक्षा मोठं असतं. मॅरिनच्या पोरांना हे पहिल्या दिवशीच ठाऊक होतं म्हणायचं.

लांब पल्ल्याचंही तसंच. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिकेच्या एका किनार्‍यापासून दुसर्‍या किनार्‍यापर्यंतची, सुमारे ४८०० किलोमीटरची 'रॅम' शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. २०१७ला नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. अशा शर्यतीत झोप, पोट, बसण्याची जागा आणि मागून येणारी मदतीची गाडी यांची किंमत पाव किलो कार्बनपेक्षा किती तरी जास्त असते.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, जो आमच्या जेवणाच्या टेबलावर कधीच निघत नाही. वजन जड की हलकं, हे सायकलीवर कमी आणि चालवणार्‍यावर जास्त ठरतं. माझ्या पंच्याहत्तर किलोच्या मित्राला साडेतेरा किलोची सायकल म्हणजे त्याच्या वजनाच्या १८ टक्के. पण आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलींना शाळेत जायला सायकली दिल्या जातात. आठवीतली एखादी मुलगी समजा पस्तीस किलोची आहे आणि सायकल अठरा किलोची. ते झालं ५१ टक्के! चिखलात सायकल रुतली, चेन पडली, ओढ्यावरून उचलून न्यायची वेळ आली, की त्या प्रत्येक किलोचा हिशोब तिच्या हातांना आणि पाठीला कळतो. तिच्या सायकलीतून दोन किलो काढले तर खरंच फरक पडेल. पण हलकेपणाचं सगळं संशोधन आणि सगळी जाहिरात कोणासाठी? तर ज्याला दोन किलो पोटावरून उतरवता येतील अशा माझ्यासारख्या आणि तुमच्यासारख्यांसाठी.

आणि चिंचोळीला जाणार्‍या माणसाचं काय? त्याच्या ४४ मिनिटांत वजनाचा वाटा अर्ध्या मिनिटाचा आहे हे आपण बघितलं. बाकी सगळं वारा, हवा भरलेला टायर आणि रस्ता. चौपदरी हमरस्त्यावर पाठीमागून ट्रक आणि बस घासून जात असताना कडेची दोन मीटर सलग, खडी न पसरलेली जागा मिळणं हे त्याच्यासाठी कुठल्याही कार्बन फ्रेमपेक्षा मोठं तंत्रज्ञान आहे. त्याला रस्त्याच्या कडेला झाडांची रांग दिली तर वारा अडेल आणि मे महिन्यात सावलीही मिळेल. सेफ्टी सायकलीने उंच सायकलीला हरवलं ते वजनाने नाही, जिवाच्या भीतीने, हे १८८५चं उत्तर आजही तसंच लागू आहे. तो माणूस सायकल सोडून हप्त्यावर मोटारसायकल घेतो ती सायकल जड आहे म्हणून नाही. जिवंत घरी यायचं असतं म्हणून.

तर मंडळी, नवी माउंटन बाइक घेताय? जरूर घ्या. घाटात जाणार असाल, चौथ्या मजल्यावर उचलून न्यायची असेल, किंवा अंगानेच हलके असाल, तर वजन बघा. फ्रेमपेक्षा आधी चाकांचं बघा, कारण रिम-टायरचं वजन वेग घेताना जवळजवळ दुप्पट जाणवतं. बाकीच्यांनी चांगले टायर घ्यावेत, हवा तपासावी, सीटची उंची नीट करावी, आणि उरलेल्या पैशांत एक दिवा आणि हेल्मेट. तरीही पैसे उरले तर गावाकडच्या एखाद्या मुलीला सायकल घेऊन द्या. फक्त घेण्याआधी ती तिला उचलायला लावून बघा.